देव मानणारे मठ्ठ नसतात, पण रामानुजन हाही पुरावा नाही

रामकृष्ण हरी माउली,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर, बुद्ध्यंक जास्त तिथे धार्मिकता कमी असं सांगणाऱ्या माझ्या लेखाचं शीर्षक बदललं. 'हुशार माणसं देव का मानत नाहीत?' हे माझंच, आणि निव्वळ वाचक ओढायला दिलेलं. ते उद्धट होतं. माफी मागतो.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुम्ही तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंत, बावीस वर्षं वारी करता. तुमचे तीन प्रश्न आहेत. माझ्या हिशेबानं तुम्ही मठ्ठ का? रामानुजन आणि बालाजीच्या दर्शनाला जाणारे इस्रोचे शास्त्रज्ञ अडाणी का? आणि परदेशातले आकडे आमच्या विठोबाला का लावायचे?

आधी आकडे. झुकरमन, सिल्बरमन आणि हॉल या तीन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली आधी झालेले ६३ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यातल्या ५३ मध्ये बुद्ध्यंक जास्त तिथे धार्मिकता कमी असं दिसलं, १० मध्ये उलट. हे मी मागे घेणार नाही. पण सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीनं बदलतात याचा आकडा (शून्य म्हणजे नातंच नाही, एक म्हणजे पक्कं नातं), केवढा? उणे ०.२४. तुम्ही गणिताचे मास्तर, वर्ग करून बघा: ०.०५७६. म्हणजे माणसामाणसांच्या धार्मिकतेत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम सहा टक्के भाग बुद्ध्यंकाशी जोडता येतो. बाकीच्या चौऱ्याण्णव टक्क्यांत घर, आई, गाव, वय, कोण अकाली गेलं, कोणाच्या संगतीत दिवस काढले, असं सगळं येतं. एवढ्याशा सहसंबंधावरून समोरचा माणूस मठ्ठ की हुशार हे ओळखायला गेलं तर फजितीच होईल. मूळ लेखात मी ५३ आणि ६३ ठळक अक्षरांत टाकले आणि ०.२४ शेवटी एका ओळीत उरकला. ही लबाडी तुमच्या नजरेतून सुटली. गणिताच्या मास्तरांनी ती पकडायला हवी होती.

परदेशी आकड्यांबद्दलचा तुमचा आक्षेप मात्र बिनतोड आहे. त्या ६३ मधले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले किंवा पाश्चात्त्य देशांतले, म्हणजे बहुतांशी ख्रिस्ती समाजातले. धार्मिकता मोजायची म्हणजे चर्चला किती वेळा जाता, प्रार्थना किती करता, असे प्रश्न. आमच्या आत्याला कोणी विचारलं की आठवड्यातून कितीदा देवळात जाता, तर ती म्हणेल, देव्हारा घरात आहे, देवळात कशाला जाऊ? झाली ती कमी धार्मिक! शिवाय २०२१ मध्ये प्यू या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेचा भारताबद्दलचा अहवाल आला. जवळजवळ ३०,००० लोकांना प्रश्न विचारले होते आणि त्यातले ९७ टक्के देव मानणारे निघाले. सगळ्या वर्गाला ३५ पैकी ३४ पडले, तर त्या पेपरनं काय मोजलं असं तुम्ही स्टाफरूममध्ये विचारलंच असतं. तसंच हे.

आणखी एक. चिकित्सक विचार आणि नास्तिकता यांचं नातं २०१८ मध्ये १३ देशांत तपासलं गेलं, तेव्हा ते एकूण क्षीण निघालं आणि देशागणिक बदलत गेलं. त्याआधी २०१२ मध्ये एक प्रयोग फार गाजला होता: रोदँ या फ्रेंच शिल्पकाराच्या 'विचारमग्न' पुतळ्याचं चित्र नुसतं पाहिलं तरी माणसांची श्रद्धा जरा उतरते म्हणे. पुढे जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला, तर काहीच हाती लागलं नाही. आम्हा नास्तिकांना हे निष्कर्ष गोड लागतात, म्हणून आम्ही ते तपासायच्या आधी फॉरवर्ड करतो. मीही केले होते.

अशा अभ्यासांत वापरतात तो एक प्रश्न: बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपये, बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग, तर चेंडू केवढ्याचा? मी झटक्यात १० म्हणालो. चातुर्मासात कांदा-लसूण न शिवणाऱ्या आत्यानं क्षणभर थांबून ५ सांगितले (बॅट १०५, चेंडू ५), आणि तेच बरोबर. यावरून काय सिद्ध झालं? काहीच नाही. एका आत्यावरून काही सिद्ध होत नाही, आणि एका रामानुजनवरूनही होत नाही. लाखात एखाद्या माणसाकडे बोट दाखवून समूहाबद्दलचं विधान खोडता येत नाही, मग तो माणूस कोणाच्याही बाजूचा असो.

तरी रामानुजनवर जरा थांबतो, कारण तुम्ही त्यांचा अर्धाच किस्सा सांगितलात. नामक्कलची नामगिरी देवी आपल्याला सूत्रं सुचवते असं ते म्हणत, हे खरं. पण १९१८ मध्ये विभाजन-संख्यांचं (एखादी संख्या बेरजेनं किती प्रकारे मांडता येते, त्याचं) सूत्र त्यांनी ज्यांच्याबरोबर मांडलं, ते इंग्रज गणिती हार्डी पक्के नास्तिक. २०० या संख्येची विभाजनं मॅकमॅहन या दुसऱ्या गणितज्ञांनी स्वतंत्रपणे मोजून काढली होती: ३९,७२,९९,९०,२९,३८८. या दोघांचं सूत्र थेट तिथे पोचलं. त्यातला कुठला भाग भक्ताचा आणि कुठला नास्तिकाचा, हे मला तरी कोणी दाखवून द्यावं.

आपल्याकडची जोडी तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. टिळक आणि आगरकर, दोघेही डेक्कन कॉलेजचे. न्यू इंग्लिश स्कूल आणि केसरी दोघांनी मिळून उभं केलं. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले. एक 'गीतारहस्य' लिहिणारा झाला, दुसऱ्यानं 'सुधारक' काढून धर्माच्या नावाखालच्या रूढींवर आसूड ओढले. यांच्यातला फरक बुद्ध्यंकानं मोजायला कोण निघेल? मला वाटतं, बुद्धी श्रद्धा देतही नाही आणि काढूनही घेत नाही. ती बहुतेकदा वकिली करते. जी बाजू आपण आधीच धरलेली असते, तिच्यासाठी चांगले मुद्दे शोधून आणते. हुशार आस्तिक आणि हुशार नास्तिक यांचे वाद म्हणूनच लांबतात. माझा मूळ लेखही त्यातलाच होता.

एका ठिकाणी मात्र मी हटणार नाही. 'श्रद्धा ती श्रद्धा, तिला तपासायचं नसतं' असं तुम्ही लिहिलंत आणि त्यात वारीबरोबर ज्योतिषाची पत्रिकाही घातलीत. माउली, ही मोळी सोडा. विठ्ठलाला भेटायला चालत जाणारा माणूस जगाबद्दल कुठलाच दावा करत नाही. पत्रिका करते. आणि तो दावा खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी तपासला. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर, अशा पत्रिका गोळा केल्या, आणि २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन विचारलं की कुठली कोणाची. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर बरं. इस्रोतही श्रद्धा आणि तपासणी वेगवेगळ्या ठेवतात. प्रक्षेपणाआधी रॉकेटची छोटी प्रतिकृती तिरुमलाला जाते, पण इंधनाची गळती सापडली तर उड्डाण थांबतं, प्रसादावर भागवत नाहीत. मला त्यांचं दर्शन खटकत नाही, कारण काय कुठे तपासायचं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

शेवटी तुम्ही मला पुणे ते सासवड चालायला बोलावलंत. येतो. टाळ वाजवणार नाही, पण तुमच्या दिंडीतल्या पाण्याच्या टँकरवर कोणी हवं असेल तर माझं नाव लिहून ठेवा. दिवे घाटात तुमच्या वेगानं चढता येईल असं वाटत नाही, तेव्हा वर पोचलात की थांबा. ज्योतिषाचं भांडण उरलंय.