खुंटी नसलेलं पाणी, दाट झाडी आणि हरवलेला बॉल: ‘तिथेच ड्रॉप करा’ हे खरं नाही

पावसाळा सुरू झाला की गोल्फ खेळणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: २०१९ साली नियम सोपे झाले, आता बॉल डबक्यात, दलदलीत किंवा दाट झाडीत हरवला आणि तिथे पेनल्टी एरिया (जिथून दंड घेऊन बॉल बाहेर काढता येतो असा भाग) दाखवणाऱ्या लाल-पिवळ्या खुंट्या नसल्या, तर शॉट जिथून मारला तिथे मागे जायची गरज नाही. सोबत खेळणाऱ्या चौघांचं एकमत असलं की बॉल जिथे आत शिरला तिथून दोन क्लबलेंथमध्ये (गोल्फच्या काठीच्या दोन लांब्यांइतक्या अंतरात) ड्रॉप करा, म्हणजे बॉल हातातून खाली सोडा, एक शॉट दंड धरा आणि पुढे चला. पाणी पावसाचं असेल तर दंडही नाही.

यात खऱ्याचे काही तुकडे आहेत, म्हणूनच तो लोकांना पटतो. पण क्लबच्या स्पर्धेत यावर विसंबून खेळणारा माणूस स्पर्धेतून बाद होऊ शकतो, आणि ते त्याला फेरी संपल्यावर कळतं. म्हणून एकेक दावा तपासायलाच हवा.

“खुंट्या नाहीत, म्हणजे तो पेनल्टी एरिया नाही.”

चूक. कोर्सवरचं तळं, नदी, ओढा, चर, उघडं गटार, समुद्र, हे सगळं व्याख्येनेच पेनल्टी एरिया आहे, स्पर्धा चालवणाऱ्या कमिटीने खुणा केल्या असोत वा नसोत. ओढ्यात किंवा चरात त्या दिवशी पाणी असण्याचीही अट नाही. मे महिन्यात कोरडा पडलेला नाला पेनल्टी एरियाच राहतो. एरवी कोरडाच असणारा पावसाळी चर कमिटी यातून वगळू शकते, पण तो निर्णय कमिटीचा, खेळणाऱ्या चौघांचा नव्हे. रंग ठरवलेला नसेल तर लाल, म्हणजे बाजूला ड्रॉप घेऊ देणारा, मानायचा. आणि कड कुठली? पाणी साठवणारा खोलगट भाग जिथून उतरू लागतो, ती. त्यामुळे बिनखुंटीच्या तळ्यात गेलेल्या बॉलसाठी एक शॉट दंड आणि बॉलने कड शेवटची जिथे ओलांडली तिथून दोन क्लबलेंथ, होलच्या जवळ न जाता, हा ड्रॉप खरोखरच मिळतो. इथे मजकुराचं उत्तर बरोबर येतं, कारण मात्र चुकीचं असतं. ते चुकीचं कारण घेऊन खेळाडू पुढच्या होलवर झाडीतही तसाच ड्रॉप घेतो.

“पावसाचं पाणी, म्हणून फुकट ड्रॉप.”

पावसाने साचलेलं डबकं, किंवा तळं भरून कडेबाहेर पसरलेलं पाणी, याला नियमांत तात्पुरतं पाणी म्हणतात आणि त्यातून खरंच बिनदंडी सुटका आहे. पण पाणी दिसायला हवं. उभं राहण्याआधी किंवा उभं राहिल्यावर, पाय मुद्दाम न दाबता, ते पृष्ठभागावर दिसलं पाहिजे. जमीन नुसती ओली, मऊ, चिखलाची असणं पुरेसं नाही. पाऊल टाकताना क्षणभर पाणी वर येऊन गेलं तरीही नाही. दवही यात धरत नाहीत. म्हणजे बूट पचपचणारी जी जमीन आपण सरसकट दलदल म्हणतो, ती पुष्कळदा कुठलीही सवलत न देणारी साधी जमीन असते.

इथेच आणखी एक पळवाट सांगितली जाते: “बॉल चिखलात रुतलाच असणार.” रुतलेल्या बॉलला सवलत आहे, पण बॉल सापडल्यावर. सापडलाच नाही तर तो रुतलेला नाही, हरवलेला आहे.

“चौघांचं एकमत असलं की झालं.”

सगळ्या वादाचं मूळ या वाक्यात आहे. पाण्यात गेलेला बॉल सापडत नसेल, तर तो तिथेच आहे हे ‘माहीत’ असावं लागतं किंवा ‘जवळपास निश्चित’ असावं लागतं. नियम याचा आकडाही देतात: किमान ९५ टक्के. ‘तिकडेच गेल्यासारखा वाटला’ म्हणजे ९५ टक्के नव्हे, आणि चौघांना तसं वाटल्याने खात्री चौपट होत नाही. पुरावा पाहायचा तो जमिनीचा आणि डोळ्यांचा. पाणी उडालेलं कुणी पाहिलं का? तळ्याभोवती आखूड कापलेलं गवत असेल, उतार पाण्याकडे असेल आणि बॉल कुठेच दिसत नसेल, तर तो पाण्यातच आहे असं म्हणता येतं, कारण दुसरीकडे लपायला जागाच नाही. त्याच तळ्याच्या काठाला कंबरभर पाणगवत असेल, तर बॉल पाण्यात असू शकतो तसा गवतातही असू शकतो. मग खात्री उरत नाही. बॉल हरवला, एक शॉट दंड, आणि जिथून मारला तिथूनच पुन्हा. हीच कसोटी डबक्यालाही लागू आहे; बॉल तात्पुरत्या पाण्यातच आहे याची ९५ टक्के खात्री नसेल तर फुकट ड्रॉप विसरायचा.

खात्री नसताना पाण्याशेजारी ड्रॉप करून खेळलं तर तो चुकीच्या जागेवरून मारलेला शॉट ठरतो. मॅचप्लेमध्ये (होलगणिक जिंकण्या-हरण्याच्या खेळात) होल जातो. स्ट्रोकप्लेमध्ये (एकूण शॉट मोजण्याच्या खेळात) हरवलेल्या बॉलच्या एका शॉटवर आणखी दोन शॉट चढतात. आणि दीडदोनशे यार्डांचा फायदा उपटला असेल, तर तो गंभीर भंग धरला जातो. पुढच्या होलवर टी ऑफ करण्याआधी (पहिला शॉट मारण्याआधी) तो सुधारला नाही, तर खेळाडू बाद.

“२०१९ पासून दाट झाडीही लाल.”

हा सगळ्यांत पसरलेला गैरसमज. २०१९ च्या नियमांनी कमिटीला मुभा दिली: पाणी नसलेला भागही, मग ती झाडी असो, दरी असो, खडकाळ माळ असो, पेनल्टी एरिया ठरवता येतो. मुभा कमिटीला मिळाली. झाडीचं रूप आपोआप बदललं नाही. पाण्याला खुणेची गरज नाही, झाडीला आहे, हा फरक मजकुरातून पार गळला आहे. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर फेअरवेच्या (आखूड गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) दोन्ही अंगांना दाट झुडपं आहेत. अशा ठिकाणी बॉल झुडपात गेलेला चौघांनी डोळ्यांनी पाहिला, तरी तो भाग कमिटीने पेनल्टी एरिया म्हणून ठरवलेला नसेल तर त्या पाहण्याने काहीच मिळत नाही. तीन मिनिटं शोधायचं (२०१९ पूर्वी पाच होती), नाही सापडला तर मागे.

हा भेद आजचाही नाही. स्कॉटलंडमध्ये लीथच्या गोल्फरांनी १७४४ मध्ये लिहिलेल्या १३ नियमांतच तो आहे. पाण्यात गेलेला बॉल बाहेर काढून पाण्याच्या मागे ठेवा आणि प्रतिस्पर्ध्याला एक शॉट द्या, असं पाचवा नियम सांगतो. बॉल हरवला तर शेवटचा शॉट जिथून मारला तिथे परत जा आणि एक शॉट द्या, असं आठवा. मला हे न्याय्य वाटतं. पाण्यात गेलेल्या बॉलची जागा आपल्याला ठाऊक असते; हरवलेल्या बॉलची जागा कुणालाच ठाऊक नसते, मग ड्रॉपसाठी मोजायला सुरुवात कुठून करणार?

“मग अनप्लेएबल म्हणा.”

म्हणजे बॉल खेळण्याजोगा नाही असं ठरवून एक शॉट दंडावर ड्रॉप घ्या. झाडीत सापडलेल्या बॉलला हा मार्ग उत्तम आहे. २०१७ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत रॉयल बर्कडेलच्या तेराव्या होलवर जॉर्डन स्पीथने तेच केलं: बॉल सापडला, अनप्लेएबल घेतला, होलच्या रेषेत मागे मागे जात थेट सराव मैदानावरून शॉट मारला, बोगीवर (ठरलेल्या शॉटपेक्षा एकच जास्त) निभावलं आणि स्पर्धा जिंकली. पण आधी बॉल सापडला होता. दोन क्लबलेंथ किंवा मागची रेषा हे दोन्ही पर्याय बॉलच्या जागेपासून मोजले जातात. न सापडलेल्या बॉलला उरतो तो एकच, मागे जाण्याचा.

“दोन शॉट देऊन फेअरवेवर ड्रॉप करता येतो.”

येतो, पण तो स्थानिक नियम आहे आणि क्लबने लागू केला असेल तरच. हरवलेल्या किंवा ओबी (कोर्सच्या हद्दीबाहेर) गेलेल्या बॉलसाठी दोन शॉट दंड घेऊन, बॉल गेल्याच्या अंदाजी जागेच्या पातळीवर फेअरवेच्या कडेला ड्रॉप मिळतो. तो रोजच्या क्लब खेळासाठी आहे. व्यावसायिक किंवा वरच्या पातळीच्या स्पर्धांसाठी त्याची शिफारस नाही. बॉल पेनल्टी एरियात असल्याची खात्री असेल तेव्हा हा नियम वापरता येत नाही; तिथे नेहमीचा एक शॉटचा मार्ग आहेच.

“मागे जाण्यात वेळ जातो.”

तक्रार रास्त आहे, आणि तिच्यावरचा उपाय नियमांतच आहे: प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला हरवला तर कामी यावा म्हणून मारलेला राखीव बॉल. बॉल झाडीकडे वळला की टी सोडण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द स्पष्ट उच्चारून दुसरा बॉल मारा. नुसतं ‘आणखी एक मारतो’ म्हटलंत तर तो दुसरा बॉलच खेळात येतो आणि पहिला सापडला तरी उपयोग नाही. बॉल फक्त पाण्यातच हरवू शकतो असं दिसत असेल तर प्रोव्हिजनल मारता येत नाही. काठाच्या गवतात असण्याची शक्यता असेल तर येतो. नंतर पहिला पाण्यातच गेल्याची खात्री पटली, तर प्रोव्हिजनल सोडून द्यावा लागतो. आणि मैत्रीच्या फेरीत वेळच वाचवायचा असेल, तर मॅक्सिमम स्कोअर (प्रत्येक होलच्या शॉटना कमाल मर्यादा असलेला प्रकार) किंवा स्टेबलफर्ड (गुणांवर चालणारा प्रकार) खेळा. तिथे बॉल उचलून पुढच्या होलकडे निघायला नियमांचीच परवानगी आहे.