मामा, ज्योती पेरा!

पेडण्याच्या मामांनी यंदा सरदाला (पावसाळी हंगामाला) ज्योती या भाताच्या जातीचं बियाणं घेणार नाही असं जाहीर केलं. कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो संदेश: ‘आयआर-८ पासूनची सगळी सुधारित भातं जीएम आहेत. त्यांनी उत्पन्न वाढलंच नाही, जमीन मेली, मधुमेह आला. पूर्वजांचा लाल तांदूळच खा.’

आधी जीएमचं, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेल्या पिकांचं, कारण घबराट त्यानेच पसरते. आयआर-८ फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली दिलं. इंडोनेशियाचं उंच ‘पेटा’ आणि तैवानचं बुटकं ‘डी-जिओ-वू-जेन’ यांचा तो साधा संकर: एका जातीचे पराग दुसरीच्या फुलावर. बाहेरचं जनुक घातलेलं पहिलं झाड जगाने पाहिलं ते १९८३ साली. मग सतरा वर्षं आधीच्या भातात ते शिरलं कुठून? आणि मामांच्या घरची उकडी पेज ज्या लाल ज्योतीची, ती केरळात पट्टांबीला जन्मली, तिथल्याच पीटीबी-१० आणि आयआर-८ यांच्या संकरातून. लाल खा आणि आयआर-८ टाळा म्हणणाऱ्याला भातातलं काय कळतं?

उत्पन्न वाढलं नाही म्हणे! उंच जातींना खत दिलं की कणसाच्या भाराने भात आडवं पडायचं; बुटक्या जाती उभ्या राहिल्या, म्हणून खताचा दाणा झाला. एव्हेन्सन आणि गोलिन या अर्थतज्ज्ञांचा २००३ सालचा ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेतला अभ्यास सांगतो की विकसनशील देशांना या सुधारित जाती मिळाल्या नसत्या, तर २००० साली तिथलं दर हेक्टरी उत्पन्न १९.५ ते २३.५ टक्के कमी असतं आणि पिकांचे भाव ३५ ते ६६ टक्के जास्त. ती झळ विकतचा तांदूळ खाणाऱ्या गरिबाला बसली असती.

मधुमेहाचं खापर बियाण्यावर फोडू नका. तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत कोंडा काढतो तो गिरणीवाला.

जमिनीचं मात्र थोडं मान्य करावं लागेल. पंजाबात भूजल उपसून खोल गेलं, बेसुमार युरिया टाकला गेला, आणि खूप जुनी वाणं शेतातून गेली. पण तो दोष वापराचा आणि धोरणाचा. जुन्या वाणांचं मोल आहेच: खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतात, आपलं जुनं कोरगुट भातच तगतं, आणि जुने गोवेच्या आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) संस्थेने त्यातूनच निवड करून ‘गोवा धान’ काढलं.

तेव्हा मामा, खाजनात हवं तर कोरगुट टाका, पण वरच्या शेतात ज्योतीच. तरवा (रोपं) घालायच्या आधी कृषी कार्यालयातून बियाणं घेऊन ठेवा.