‘सुट्टीत मुलांना हॅमस्टर आणा’ या मेसेजला उत्तर

परीक्षा संपत आल्या की हा मेसेज फिरायला लागतो. मला तो शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि मिरजेच्या मावशीनंही पाठवला. मजकूर सगळीकडे एकच: ‘मुलांचा मोबाइल सोडवायचाय? ड्वार्फ हॅमस्टर आणा. खर्च नाही, कटकट नाही. छोटा पिंजरा पुरतो. एकटा कुढतो, म्हणून जोडीच घ्या. घरातलं काहीही खातो. आठवड्यातून एकदा शाम्पूनं आंघोळ घाला. वाळवंटातला प्राणी आहे, उन्हाचा त्रास नाही. थंडीत दोन महिने झोपून असतो. लहान मुलांना एकदम सुरक्षित. पाच वर्षं आरामात जगतो.’

मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि सहा वर्षं हे उंदरासारखे चिमुकले, कुरतडणारे प्राणी पाळते आहे. मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. त्यातली दोन वाक्यं तर अशी आहेत की ती खरी मानून वागलं, तर बाजारातून आणलेला जीव पहिला पाऊससुद्धा बघत नाही. त्यातल्याच एकापासून सुरुवात करते.

‘वाळवंटातला प्राणी आहे, उन्हाचा त्रास नाही.’

कुठलं वाळवंट, हे कुणी विचारत नाही. ड्वार्फ हॅमस्टर म्हणून आपल्याकडे विकले जातात ते प्रामुख्यानं तीन जातींचे: कॅम्पबेल, विंटर व्हाइट आणि सगळ्यात चिमुकला रोबोरोव्स्की. त्यांचा मुलूख म्हणजे मंगोलिया, उत्तर चीन, कझाकस्तान, सायबेरियाची गवताळ माळरानं. गोबीचं वाळवंट त्यात येतं, पण ते थंड वाळवंट आहे. तिथं हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-तीस अंश उतरतो. या प्राण्यांच्या तळपायांवरसुद्धा केस असतात, ते बर्फासाठी. उन्हाळ्यात दिवसभर ते जमिनीखालच्या गार बिळात पडून राहतात आणि अंधार पडल्यावरच बाहेर येतात. ऊन सोसण्याची ताकद त्यांच्यात नाही. ते ऊन टाळतात, एवढंच.

त्यांना १८ ते २४ अंश मानवतं. तीसच्या वर जीव कासावीस होतो. एप्रिल-मेमध्ये सांगलीत अडतीस-चाळीस सहज होतं आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखाली किंवा पत्र्याच्या खोलीत रात्री नऊलाही भिंती तापलेल्या असतात. हॅमस्टरला माणसासारखा घाम येत नाही, त्यामुळे पंख्याचा वारा त्याला आपल्यासारखा गार करत नाही. पिंजऱ्यात बीळ नाही, पळायला वाट नाही.

माझी पहिली हॅमस्टर, तिळू, अशीच गेली. जिथून आणली तिथंही मला ‘वाळवंटातला आहे, काही होत नाही’ असंच सांगितलं होतं, आणि मी उजेड-वारा मिळावा म्हणून पिंजरा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मे महिन्यातली दुपार होती, लाइट गेलेली. चारला बघितलं तर ती आडवी पसरली होती, हनुवटी ओली, श्वास भरभर चाललेला. मी घाबरून बर्फाचं पाणी ओतलं. ते तर आणखी चुकीचं होतं. तेव्हापासून फाल्गुन संपला की माझ्या घरात सगळी मांडणी बदलते, ती सांगते.

पिंजरा खालच्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खोलीत, जमिनीलगत. आत शहाबादी फरशीचा तळहाताएवढा तुकडा. असे दोन तुकडे ठेवायचे, एक आत आणि एक फ्रिजमध्ये, दुपारी अदलाबदल. मातीचं छोटं मडकं आडवं ठेवलं की प्राणी आपणहून त्यात जाऊन बसतो. पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवायची, तीही एकाच बाजूला, म्हणजे नको असेल तर त्याला दुसरीकडे जाता येतं. पाणी दोन ठिकाणी, कारण पिण्याच्या बाटलीच्या नळीतली धातूची गोळी कधीकधी अडकते आणि आपल्याला संध्याकाळपर्यंत कळत नाही. एवढं करूनही तो लडबडत चालायला लागला, लाळ गळायला लागली, तर गार खोलीत न्या, माठातल्या पाण्यानं कान आणि पाय हलके ओले करा, पाणी तोंडाजवळ धरा, तोंडात ओतू नका, आणि डॉक्टरांना फोन करा. ज्यांच्या घरी दुपारभर कुणीच नसतं आणि खोली तापते, त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडावर हा प्राणी आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मेसेज नेमका तेव्हाच फिरतो.

‘एकटा कुढतो, म्हणून जोडीच घ्या.’

हे वाक्य मायेचं वाटतं, म्हणून ते लगेच पटतं. यात थोडं खरंही आहे. कॅम्पबेल जातीतला नर पिल्लांची काळजी घेतो. मादीच्या बाळंतपणात तो मदत करतो, पिल्लाला चाटून साफ करतो, हे संशोधकांनी बघून नोंदवलेलं आहे. प्राण्यांच्या जगात असा बाप विरळा. पण म्हणून फूटभर पिंजऱ्यातली जोडी सुखात राहते असं नाही. माळावर भांडण झालं तर एक जण निघून जातो. पिंजऱ्यातून कुठं जाणार? विंटर व्हाइट तर स्वभावानंच एकटा राहणारा. भांडणं रात्री होतात, आपण झोपेत असतो. सकाळी एकाच्या पाठीवर, शेपटीजवळ चावे दिसतात, किंवा एक जण खाण्याजवळ यायलाच घाबरतो. कधी एकच जिवंत सापडतो. रोबोरोव्स्कीची एकाच वेतातली दोन पिल्लं, दोन्ही माद्या किंवा दोन्ही नर, मोठ्या जागेत एकत्र नांदू शकतात, पण हा प्रयोग नवख्यानं करायचा नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. मादीचे दिवस भरायला अठरा ते एकवीस दिवस लागतात. एका वेळी चार-सहा पिल्लं, कधी जास्त. ज्या दिवशी ती विते त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं तीन आठवड्यांत दूध सोडतात आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात स्वतः वंश वाढवायला तयार होतात. म्हणजे एप्रिलमध्ये घेतलेल्या जोडीची शाळा सुरू होईपर्यंत किती होतात, ते तुम्हीच मोजा. ‘दोन्ही माद्या आहेत’ या शब्दावर विसंबू नका. इतक्या लहान वयात नर-मादी ओळखायला सरावलेली नजर लागते आणि चूक वरचेवर होते. माझ्या ओळखीच्या एका घरात दोनाचे सतरा झाले. मग कुणीतरी सुचवलं, कृष्णेच्या काठी सोडून द्या. तसं अजिबात करू नका. घार, मांजर, मुंगूस आणि ऊन यांच्यात पिंजऱ्यात जन्मलेला जीव एक रात्र काढत नाही.

एकट्या हॅमस्टरला सोबत लागत नाही. त्याला काम लागतं: उकरायला, लपवायला, धावायला.

‘छोटा पिंजरा पुरतो.’

शरीर पाच-दहा सेंटिमीटरचं, म्हणून घर छोटं, असा हा हिशेब. पण हाच प्राणी एका रात्रीत कित्येक किलोमीटर धावतो. जर्मनीतल्या पशुवैद्यांची प्राणी कल्याण संघटना हॅमस्टरसाठी किमान १०० बाय ५० सेंटिमीटर तळ आणि ५० सेंटिमीटर उंची सांगते. बाजारात रंगीत गजांचे जे पिंजरे मिळतात, त्यातले कित्येक याच्या पाव भागाचेही नसतात, वर गजांमधली फट सेंटिमीटरपेक्षा जास्त असली तर ड्वार्फ त्यातून निसटतो.

तळाइतकीच आत उकरायला पसरलेल्या चुऱ्याच्या थराची जाडी महत्त्वाची. २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी सोनेरी हॅमस्टर, म्हणजे ड्वार्फपेक्षा मोठी जात, १०, ४० आणि ८० सेंटिमीटर जाड थरावर ठेवून पाहिले. दहावाल्यांनी गज चावण्याचा सपाटा लावला. ऐंशीवाले एकदाही गज चावताना दिसले नाहीत. आपण ‘बघा कसा खेळतोय’ म्हणून व्हिडिओ काढतो, ते गज चावणं म्हणजे खेळ नसतो.

पैसे फार लागत नाहीत. माझं घरकुल म्हणजे गळणारी, कुणी टाकून दिलेली माशांची काचपेटी. वर बारीक जाळी. सुताराकडून प्लायची पेटी करून घेतली तरी चालते. आत बिनवासाच्या कागदाचा आणि टिश्यूचा चुरा, मध्ये सुकं गवत, एका बाजूला वीतभर तरी थर. वखारीतला भुसा मात्र नको. तो बारीक असतो, नाकात जातो, आणि त्यात कुठकुठलं लाकूड आहे हे वखारवाल्यालाही सांगता येत नाही. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन असेल तर त्याच्या वासाचे घटकच फुप्फुसाला बाधतात. चाक साधारण वीस सेंटिमीटर व्यासाचं, सलग पृष्ठभागाचं घ्या. धावताना पाठ धनुष्यासारखी वाकत असेल तर चाक लहान आहे. तारांच्या चाकात पाय अडकून मोडतो.

‘घरातलं काहीही खातो.’

खातो, हे खरं. गालांच्या पिशव्यांत भरून नेतो, ते बघून मुलं आणखी देतात. आपल्याकडे मग काय दिलं जातं? भडंग आणि बेदाणे. भडंगात मीठ, तिखट, तेल आणि लसूण. त्याबद्दल जास्त बोलायला नको. बेदाण्याबद्दल बोलायला हवं, कारण तासगावच्या बाजूला घराघरांत डबे भरलेले असतात आणि ‘सुकामेवाच आहे की’ असं वाटतं. बेदाण्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. ड्वार्फ हॅमस्टरांना, त्यातही कॅम्पबेलला, मधुमेह फार लवकर जडतो. चाळीस ग्रॅमच्या जिवाला अर्ध्या ग्रॅमचा एक बेदाणा म्हणजे साठ किलोच्या माणसानं एका बैठकीत पाऊण किलो बेदाणे खाणं. शिवाय बेदाणा आणि गूळ चिकट. गालाच्या पिशवीत चिकटून राहिला तर तिथं गळू होतं. हॅमस्टर एकाएकी भरपूर पाणी प्यायला लागला, चुरा सारखा ओला दिसायला लागला, तर तो उष्म्यानं पितोय असं गृहीत धरू नका.

त्याचं खरं खाणं आपल्या वाण्याकडेच मिळतं: राळा, वरी, नाचणी, ज्वारी, बाजरी, थोडं जवस. दिवसाला एक-दीड चमचा. सूर्यफुलाच्या बिया एक-दोन, बक्षीस म्हणून. हा प्राणी माळावर किडेही खातो, म्हणून आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा. काकडीची पातळ चकती, कोथिंबिरीची काडी. कांदा, लसूण, लिंबू-संत्रं, चॉकलेट, कच्चा बटाटा नाही. दाणे मी भांड्यात ठेवत नाही, चुऱ्यात पसरते. तासभर हुडकत बसतो.

आंघोळीचं थोडक्यात. पाण्यानं अंगावरचं तेल जातं, गारठा बसतो, भीतीनं छाती धडधडते. शाम्पू तर नकोच. एका वाडग्यात बारीक वाळू चाळून, धुऊन, कढईत भाजून गार करून ठेवा. तो स्वतः लोळतो आणि स्वच्छ होतो. टाल्कम पावडर वाळूच्या जागी वापरू नका.

‘थंडीत दोन महिने झोपून असतो.’

ड्वार्फ हॅमस्टर महिनोन् महिने झोपत नाहीत. विंटर व्हाइट लहान दिवसांच्या काळात दिवसातले काही तास अंग गार करून सुस्त पडतो आणि पुन्हा उठतो, तेवढंच. सांगलीच्या डिसेंबरात हॅमस्टर सकाळी थंडगार, निपचित सापडला, तर ‘झोपलाय’ म्हणून सोडू नका आणि ‘गेला’ म्हणून पुरूही नका. तळहातांच्या वाटीत, अंगाजवळ धरा, हळूहळू ऊब द्या, मिशा हलतात का बघा. अर्ध्या तासात हालचाल झाली नाही तर डॉक्टर. आणि डॉक्टर आधीच शोधून ठेवा. आपल्या जिल्ह्यात गाई-म्हशींचे उत्तम डॉक्टर आहेत, पण चाळीस ग्रॅमच्या प्राण्याला औषधाचा थेंब किती, हा वेगळा अभ्यास आहे. फोनवर आधी विचारा, ‘हॅमस्टर बघता का?’

राहता राहिली मुलं. हा प्राणी रात्री नऊनंतर जागा होतो, मुलं दहाला झोपतात. दिवसा झोपेतून ओढून काढला की तो चावतो. तो दोष त्याचा नाही. त्याला लांबचं दिसत नाही, उंचीचा अंदाज येत नाही, हातावरून सरळ खाली पाऊल टाकतो आणि हाडं मोडतात. माझ्या भाचीला मी जमिनीवर बसवते, पुढ्यात मोठी परात ठेवते, परातीत हॅमस्टर आणि तिचा उघडा तळहात. यायचं तर तो येईल. पहिल्या वेळी यायला त्याला अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत तिनं मोबाइल मागितला नाही, हे खरं आहे. हाताळून झाल्यावर साबणानं हात धुवायचे. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं पिंजरा साफ करू नये, कारण कुरतडणाऱ्या प्राण्यांकडून एक विषाणू क्वचित येतो, तो पोटातल्या बाळाला बाधू शकतो.

आणि पाच वर्षं नाही. कॅम्पबेल आणि विंटर व्हाइट दीड-दोन वर्षं, रोबोरोव्स्की फार तर तीन-साडेतीन. तिसरीत असताना आणलेला हॅमस्टर मूल पाचवीत जाईपर्यंत म्हातारा होऊन जातो. ते मुलाला आणतानाच सांगा.

ज्यांच्या घरी या मेसेजमुळे जोडी आलीच आहे, त्यांनी आज रात्रीच दोघांना वेगळं करा. दुसरं घर मिळेपर्यंत प्लास्टिकचा मोठा टब चालेल, काठ उंच असले पाहिजेत. मादीचे एकवीस दिवस कॅलेंडरवर मोजा, तोवर तिला हात लावू नका, चुरा बदलू नका, कागद जास्तीचा द्या. आणि उद्या फरशीच्या दुकानात जाऊन शहाबादीचे दोन तुटके तुकडे मागा. मला तर त्यांनी पैसेही घेतले नव्हते.