सीझन की शनिवार-रविवार?

थंड हवेच्या ठिकाणी आपलं घर आहे, हे पुण्यात चारचौघांत सांगायला बरं वाटतं. समोरचा आधी "वा, मजा आहे बुवा तुमची" म्हणतो आणि श्वासही न घेता विचारतो, "रिकामं असतं का हो?" घर रिकामं असतं तेव्हा आम्ही त्याचा खर्च भरत असतो आणि भरलेलं असतं तेव्हा त्यात नातेवाईक असतात. म्हणजे उत्पन्न दोन्हीकडे सारखंच.

वडिलांनी मेटगुताडच्या बाजूला, महाबळेश्वरच्या थोडं अलीकडे, दोन खोल्या आणि एक व्हरांडा असं कौलारू घर बांधलं, तेव्हा त्यांना हवापालट करायचा होता, धंदा नव्हे. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. त्यामुळे आता तिथं एखादी खोली वाढवायची म्हटलं, तर खोलीआधी कागदपत्रांसाठी कपाट घ्यावं लागेल. आहे तेवढंच घर, आणि त्यातूनच काय ते काढायचं.

यंदा हिनं विषय काढला. "एक तर रोजच्या भावानं द्या, नाहीतर अख्ख्या सीझनला द्या. पण द्या." एरवी अशा वेळी तिचं आधीच ठरलेलं असतं आणि मला फक्त मान डोलवायची असते. या वेळी तिचंही ठरत नव्हतं. संकट ते हेच.

मग वही निघाली. वर्षाचे शनिवार बावन्न. त्यातून पावसाळ्याचे वजा. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवताना महाबळेश्वर-पाचगणी-वाई हेच उदाहरण असायचं. पुण्यात वर्षभरात पडतो त्याच्या दुपटीहून जास्त पाऊस महाबळेश्वरात एकट्या जुलैत पडतो. पाचगणीपर्यंत तो बराच ओसरतो आणि घाट उतरून वाईला जाईतो पुण्याइतकाच उरतो. पूर्वीपासून तिथले लोक पावसाआधी घरांच्या भिंतींना बाहेरून गवत बांधत आलेत. आमचे राखणदार मामाही बांधतात, वर प्लॅस्टिक लावतात, तरी ऑक्टोबरात दार उघडलं की गाद्यांवर हिरवळ असते. जून ते सप्टेंबर हे घर द्यायचंच झालं तर बेडकांना द्यावं लागेल.

उरले पस्तीस शनिवार. शनिवार-रविवार मिळून बारा हजार धरले तर चार लाख वीस हजार. त्या आकड्याकडे बघत आम्ही दोघांनी चहाची दुसरी खेप घेतली. सीझनसाठी विचारणारे होते ते ऑक्टोबर ते मे असे आठ महिने, महिना पंचवीस हजारांनी. म्हणजे दोन लाख. आता यात विचार करण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल.

पण ही मूळची सदाशिव पेठेतली. तिनं पेन्सिल पुन्हा उचलली. "या पस्तीसांतले खरे चालणारे किती?" फेब्रुवारी-मार्चात प्रत्येक खानदानात कुणाची तरी दहावी-बारावी असते. हमखास मागणी म्हणजे दिवाळी, नाताळ ते एकतीस डिसेंबर, जोडून आलेला सव्वीस जानेवारी आणि मे महिना. आणि बरोबर याच तारखांवर आमच्या ताईचा, दोन मेहुण्यांचा आणि एका आतेभावाचा वंशपरंपरागत हक्क आहे. मंगळवारी या म्हटलं तर यातलं कुणी येत नाही. भाव ज्या दिवशी येतो त्याच दिवशी नातंही उफाळून येतं. ताईला चाचपून पाहिलं, तर ती एवढंच म्हणाली, "बाबांनी पैसे घेतले असते का रे?" वहीतले सात शनिवार तिथल्या तिथे गेले.

तरी थोडं करून तर बघू, म्हणून घर अ‍ॅपवर टाकलं. आणि मी घरबसल्या हॉटेलचा मॅनेजर झालो. कोथरूडमध्ये अंथरुणात पडून रात्री अकरा वाजता गीझरचं कुठलं बटण दाबायचं ते सांगायचं. वीज गेली की इन्व्हर्टर कुठाय ते सांगायचं. खिडकी उघडी ठेवू नका, असं ठळक अक्षरांत लिहूनही एकांनी ठेवली आणि माकडांनी त्यांचा नाश्ता केला, तर त्याची भरपाई मागायला फोन मलाच. एका कुटुंबाला जूनच्या पहिल्या आठवड्यात स्ट्रॉबेरी तोडायची होती. एका गृहस्थांनी पाचपैकी दोन तारे दिले आणि लिहिलं, "दरी दिसेल असं कळवलं होतं. धुक्यामुळे दिसली नाही." दरी आत होती, एवढीच खात्री मी देऊ शकत होतो.

चार जणांचं बुकिंग करून किती येतात, हे ओळखायची युक्ती मामांची. ते काही न बोलता दारातल्या चपलांचा फोटो पाठवतात. मी पुण्यात बसून जोड्या मोजतो. बारा निघाल्या तर फोन करायचा. मग तिकडून ठरलेलं उत्तर येतं, "आम्ही चौघंच आहोत हो, बाकीचे नुसते भेटायला आलेत." रात्री साडेदहाला, महाबळेश्वरला, नुसते भेटायला!

पण या सगळ्यावर कडी केली चादरींनी. दर पाहुण्यामागे चादरी, अभ्रे, टॉवेल बदलायचे. धुक्याच्या दिवसांत ते वर वाळत नाहीत, म्हणून मामा त्यांचं गाठोडं बांधून पसरणी घाट उतरून वाईला पाठवतात. तिथं ऊन असतं. वाळलं की पुन्हा वर. भूगोलाच्या पुस्तकाचा संसारात उपयोग झाला तो एवढाच. गाडीभाडं, धुलाई, अ‍ॅपचं कमिशन, गॅस, मामांचे जादा पैसे आणि दोन फुटलेल्या बरण्या वजा केल्यावर वहीत जे उरलं, ते हिनं मला दाखवलं नाही.

मग सीझनवाल्यांची बाजू घेणारे पुढे आले. सीए भाचा म्हणाला, "मामा, सरळ भाडं घ्या. घराच्या उत्पन्नातून तीस टक्के वजावट आपोआप मिळते. चादरी, नाश्ता असली सेवा द्यायला लागलात तर आयकरवाले त्याला धंदा म्हणू शकतात." खर्च केला की नाही हे न विचारता आणि पावती न मागता सरकार तीस टक्के सोडतं, यावर माझा पुणेरी विश्वास बसायला जरा वेळच लागला. काका इतिहासात रमणारे. त्यांनी थेट इंग्रजांनाच साक्षीला आणलं. "मुंबईचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरी, पावसाळ्यात आपल्या गणेशखिंडीला आणि थंडीत मुंबईला राहायचा. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे त्याचा बंगलाच! तो काय शुक्रवारी निघून रविवारी परत यायचा? आणि महाबळेश्वरच्या बाजारपेठेचं नाव काय? माल्कम पेठ! तिथंही पेठच आहे, म्हणजे आपलेच कायदे लागू." या शेवटच्या तर्काला आमच्या घरात कुणी आव्हान देत नाही.

कायद्याचं निघालंच, तर सीझनसाठी दिलं तरी करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ तसं सांगतं, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. अंगठ्याचं मशीन घेऊन एजंट घरी आला. आठ महिन्यांचा करार म्हटल्यावर तो हिरमुसला. "सगळे अकराच करतात, काका." बाकीचे तीन महिने बेडकांचे आहेत, हे त्याला समजावताना चहा गार झाला.

भाडेकरू म्हणजे पार्ल्याचं एक निवृत्त जोडपं. माणसं इतकी चांगली की तक्रार करायला जागा नाही, आणि तीच अडचण. त्यांनी व्हरांड्यात जास्वंद लावली, गळकं कौल स्वतःच्या पैशानं बदललं. मामा आता त्यांना विचारून आमचा फोन घेतात. वरून जाता जाता आम्ही डोकावलो, तर काकूंनी आमच्याच कपांत चहा दिला आणि "बसा ना, संकोच करू नका" म्हणाल्या. संकोच करून ही खुर्चीच्या कडेवर बसली. परत येताना खंबाटकीपर्यंत बोलली नाही, मग म्हणाली, "पडदे मात्र चांगले निवडलेत त्यांनी." ताईला या वर्षी दिवाळीत तिथं जाता आलं नाही. ती अजून बोलत नाही. हा फायदा वहीत कुठल्या खात्यावर मांडायचा ते भाच्यालाही सांगता आलं नाही.

एकूण गाडी सीझनच्या रुळावर लागली होती. एवढ्यात परवा पार्लेकर काकांचा फोन आला. मे महिन्यात ते मुलाकडे अमेरिकेला निघालेत. घर भर सीझनमध्ये रिकामं राहणार, म्हणून त्यांना वाईट वाटत होतं.

"म्हटलं, तेवढे दिवस शनिवार-रविवारवाल्यांना दिलं तर? अ‍ॅपवर मी टाकतो. येईल ते निम्मंनिम्मं करू."

फोन स्पीकरवर होता. मी हिच्याकडे पाहिलं. तिनं वही उघडली, पेन्सिलीला टोक आहे का बघितलं आणि फोनकडे वाकून विचारलं,

"ते ठीक आहे हो काका, पण चादरी कुणाकडे?"