‘नर्सिंग होमचे नियम लावले तर खेड्यातले दवाखाने बंद पडतील’: हे खरं नाही

सध्या आपल्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. नर्सिंग होमच्या नोंदणीचे नियम मुंबई-पुण्यासाठी केलेत, ते इथं लावले तर विदर्भातल्या तालुक्याच्या गावी भरती करून घेणारा दवाखानाच उरणार नाही, असं त्यात म्हटलंय. त्यातले मुद्दे तपासून पाहू.

‘साध्या ओपीडीवाल्या डॉक्टरलाही पकडतील.’ चूक. १९४९ चा महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायदा रुग्ण भरती करून शुश्रूषा करणाऱ्या जागांना आणि प्रसूतिगृहांना लागतो. तपासून गोळ्या देणाऱ्या दवाखान्याला नाही.

‘नियम शहरी डोक्यातले.’ या कायद्याच्या नियमांत २०२१ साली झालेल्या सुधारणेत दरफलक, रुग्णहक्कांची सनद आणि तक्रार निवारण कक्ष आला. कापूस विकून बिल भरणाऱ्या माणसाला दर आधी कळावा, यात शहरी ते काय?

‘नियमाप्रमाणे शिकलेली नर्स खेड्यात परवडत नाही.’ हा मुद्दा सगळ्यात घातक. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो का? असा मजूर रात्री दवाखान्यात येतो तेव्हा नुसतं सलाईन लावून भागत नाही. ॲट्रोपिन हे विषावरच्या उताऱ्याचं औषध दिल्यावर नाडी, डोळ्याची बाहुली, छातीतली घरघर पुन्हापुन्हा बघावी लागते, डोस त्यावर ठरतो. डॉक्टर वरच्या मजल्यावर झोपलेले अन् खाली बारावी झालेली, कोणतंही प्रशिक्षण नसलेली पोरगी एकटी, तर हे कोण बघणार? जिल्ह्याचं ठिकाण दूर आहे म्हणून तर इथं शिकलेली नर्स जास्त लागते. त्या पोरीवरही हा अन्यायच आहे.

‘सरकारी दवाखान्याला नोंदणी नाही, मग आम्हालाच जाच का?’ सरकारी रुग्णालयं या कायद्याबाहेर आहेत, हे खरं. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्या आयांसमोर उभं राहून ‘मग आम्हालाही सूट द्या’ असं कोण म्हणेल? सरकारी दवाखान्यांनाही हेच निकष लावा, अशी मागणी करा, आम्ही सोबत येतो.

नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना चकरा माराव्या लागतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. अर्जावर ठरल्या मुदतीत निर्णय व्हावा आणि त्रुटी एकदाच, लेखी कळवाव्यात. मेसेज पाठवायचाच असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांना या मागणीचा पाठवा.