बापूंचं पाकीट आणि निनादचा सर्व्हर

"उद्यापासून आपला ट्रेकचा ग्रुप व्हॉट्सॲपवर नाही, एलिमेंटवर," निनादनं जाहीर केलं.

पक्यानं चहाचा ग्लास पायरीवर ठेवला. "२०२१ च्या जानेवारीत सिग्नलवर नेलं होतंस. तिथे अजून तू एकटाच बसलायस."

खोटं नव्हतं. व्हॉट्सॲपच्या नव्या धोरणाला घाबरून जो तो सिग्नल घेत सुटला, एवढा की सिग्नलच जवळजवळ दिवसभर बंद पडलं. आठवड्यात आम्ही सगळे गुपचूप परत.

"तेच सांगतोय! एकाच संस्थेचे सर्व्हर, ते पडले की सगळे आडवे. २०२१ च्या ऑक्टोबरात व्हॉट्सॲप सहा तास मुकं होतं. २०२५ च्या ऑक्टोबरात ॲमेझॉनचं क्लाउड कोसळलं, तर सिग्नलही बसलं. एलिमेंट चालतं मेट्रिक्सवर. ईमेलसारखं आहे ते, तुझं खातं एका सर्व्हरवर, माझं दुसऱ्यावर, तरी बोलणं होतं. फ्रान्स सरकारनं कर्मचाऱ्यांसाठी त्यावरच ॲप बांधलंय."

"पण मेसेज तर व्हॉट्सॲपवरही कुलपातच असतात ना?" मनीषा.

"असतात. २०१६ पासून. कुलूपही सिग्नलचंच."

"मग अडलंय कुठं?"

इथे बापू बोलले. पोस्टात जन्म गेलेला माणूस. "पाकीट कशाला फोडायला लागतं गं? कोण कुणाला लिहितंय, आठवड्यातून किती वेळा, हे वरूनच दिसायचं. कुणाचं लग्न जमतंय हे मला मुलीच्या बापाआधी कळे."

"हे!" निनाद उडालाच. "याच्यासाठीच आपला स्वतःचा सर्व्हर हवा."

"कुणाचा?"

"माझा. घरी जुना लॅपटॉप पडलाय."

दोन क्षण कुणीच बोललं नाही. मग पक्या म्हणाला, "म्हणजे आता पाकिटावरचा पत्ता तू वाचणार. झुकरबर्ग माझ्या मेव्हण्याला ओळखत नाही रे. तू ओळखतोस."

मला विचाराल तर त्या रात्रीचं सगळ्यात शहाणं वाक्य तेच. मेट्रिक्सवर मजकूर कुलपात राहतो, पण कोण कुठल्या ग्रुपात आहे, कधी बोललं, हे सर्व्हर चालवणाऱ्याला दिसतं. लांबच्या कंपनीऐवजी जवळच्या माणसावर भरवसा टाकायचा, एवढाच बदल. आणि निनादच्या घरची लाइट दर गुरुवारी जाते, हा मुद्दा निराळाच.

मनीषाचं दुखणं वेगळं होतं. सोसायटीच्या ग्रुपात नंबर गेला आणि तिसऱ्या दिवसापासून कर्जवाल्यांचे फोन सुरू. "मला नुसता नंबर लपवायचाय."

"मग सिग्नल. खातं उघडायला नंबर लागतो, पण २०२४ पासून तो समोरच्याला न दाखवता नुसतं युजरनेम देता येतं. नंबरच द्यायचा नसेल तर सेशन नावाचं ॲप. त्यात नावाऐवजी ६६ अक्षरांचा आयडी."

"६६ अक्षरं आईला फोनवर सांगू?"

पक्यानं तोवर मोबाइलवर काहीतरी शोधलं होतं. "अरे, मे २०२३ मध्ये सरकारनं १४ ॲप बंद करायला लावली होती, जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवाद्यांचं कारण देऊन. त्यात एलिमेंट आहे की!"

"एलिमेंट नुसती खिडकी आहे. त्याच खात्यात दुसऱ्या ॲपमधूनही जाता येतं."

निनादकडे उत्तर असतंच. शेवटी त्याचं मन मोडवेना म्हणून सगळ्यांनी खाती उघडली. ॲपनं दिलेली लांबलचक रिकव्हरी की, म्हणजे नव्या फोनवर जुने मेसेज उघडायची किल्ली, पक्यानं एसटीच्या तिकिटामागे लिहिली. पुढच्याच आठवड्यात त्यानं फोन बदलला. तिकीट पँटीबरोबर धुऊन निघालं होतं.

शुक्रवारी तो कट्ट्यावर आला तो स्क्रीन पुढे धरूनच. निनादचे सात मेसेज, सातही जागी एकच ओळ: मेसेज उलगडता येत नाही.

"रविवारी निघायचं कधी?" त्यानं विचारलं.

"ग्रुपवर टाकलंय," निनाद रस्त्यापलीकडून गाडी लावता लावता ओरडला.

"दिसत नाहीये!"

"साडेचार! एसटी स्टँड! मनीषाच्या घरी सांगू नका, ती मावशीकडे चाललीय असं सांगितलंय!"

चहावाल्यानं मान डोलावली.