थायलंडमधलं ‘रामराज्य’ आणि कलम ११२

‘भारताबाहेर थायलंडमध्ये आजही घटनेनुसार रामराज्य आहे. प्रभू रामचंद्रांचे पुत्र कुश यांचे वंशज सम्राट भूमिबल अतुल्यतेज तिथे राज्य करतात... हा देश कधीच गुलाम झाला नाही...’ हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय आणि एरवी मी तो न उघडताच पुढे सरकते. या खेपेला तो आमच्या नानाकाकांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली स्वतःची भर घातली: ‘राजाविरुद्ध ब्र काढला की थेट तुरुंग, म्हणून तिथे शांतता आहे, आंदोलनं होत नाहीत. राजा राजकारणाच्या वर. आपल्याकडेही असाच कायदा पाहिजे.’ खाली रांगेने जोडलेले हात, आणि त्यात कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाच्याचाही अंगठा. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी किरकोळ गोष्टी उरकते. मेसेजमधले ‘भूमिबल’, म्हणजे राजे भूमिबोल, १३ ऑक्टोबर २०१६ रोजी वारले. आता गादीवर त्यांचे चिरंजीव वजिरालोंगकोर्न आहेत आणि त्यांचा राज्याभिषेकही मे २०१९ मध्ये होऊन गेला. ज्या मेसेजला राजा बदलल्याचा पत्ता नाही, त्याला त्रेतायुगापासूनची वंशावळ मात्र तोंडपाठ!

कुशाचा वंश वगैरे काही नाही. चक्री घराणं १७८२ साली गादीवर आलं. ताक्सिन नावाच्या राजाला पदच्युत करून ठार मारण्यात आलं आणि त्याच्याच सेनापतीने नवं घराणं सुरू केलं. तिथल्या राजांना लागणारे ‘राम पहिला, राम दुसरा’ हे आकडे तर आणखी नंतरचे. ते सहाव्या राजाने, वजिरावुधने, लावले. १९१० ते १९२५ हा त्याचा काळ, शिक्षण ऑक्सफर्डचं, आणि नावं ठेवण्याची भारी हौस. थाई लोकांना आडनावं घ्यायला लावणाराही हाच. हजारो कुटुंबांना तर त्याने स्वतः आडनावं शोधून दिली. दक्षिणेतल्या एका शहराला त्याने आपल्या सुरतेवरून ‘सुरत थानी’ म्हटलं आणि तिथल्या नदीला ‘तापी’. खानदेशातल्या वाचकांना याचं कौतुक वाटणारच, वाटावंही. पण तेवढ्यावरून थायलंडची तापी मुलताईला उगम पावत नाही, आणि तिथला ‘राम’ अयोध्येहून येत नाही.

बरं, यात थोडं खरंही आहे, ते मान्य करते. १३५१ साली वसलेल्या अयुथयाचं नाव अयोध्येवरूनच आलं. ब्रह्मदेशाच्या सैन्याने १७६७ मध्ये ते शहर उद्ध्वस्त केलं. रामाकिएन हे तिथलं रामायण, आणि बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारातल्या मंदिराच्या भिंतींवर ते साद्यंत रंगवलेलं आहे. राजचिन्ह गरुड आहे, सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, राज्याभिषेकात दरबारी ब्राह्मणांचे विधी होतात. मात्र राजा बौद्धच असला पाहिजे असं त्यांच्या घटनेत स्पष्ट लिहिलंय. गरुड राष्ट्रीय पक्षी नाही, तो मान एका रानकोंबड्याच्या जातीतल्या पक्ष्याला आहे. आणि रामाकिएनमधला हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला रसिक आहे, मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो. हे नानाकाकांना मीच सांगावं की कसं, ते अजून ठरलेलं नाही.

आता ती शेवटची ओळ.

हा ‘असाच कायदा’ म्हणजे थाई दंडसंहितेचं कलम ११२. राजा, राणी, युवराज किंवा राजप्रतिनिधी यांचा अपमान केला तर प्रत्येक गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल १५ वर्षं कैद. तक्रार राजाने करावी लागत नाही, रस्त्यावरचा कोणीही करू शकतो. अपमान म्हणजे काय, याची मर्यादा मात्र कुठेच नाही. २०१५ मध्ये एका कारखान्यातल्या कामगारावर गुन्हा दाखल झाला, त्यात राजाच्या पाळीव कुत्रीबद्दल उपरोधिक पोस्ट टाकल्याचाही आरोप होता. २०२२ मध्ये एका तरुणीला शिक्षा झाली, कारण आंदोलकांच्या लुटुपुटूच्या फॅशन शोमध्ये तिने गुलाबी रेशमी पारंपरिक पोशाख घातला आणि ती राणीची नक्कल ठरली. २०२३ मध्ये एकाला पिवळ्या बदकांच्या चित्रांचं कॅलेंडर विकल्याबद्दल २ वर्षं. हो, रबरी बदकं. सुलक शिवरक्ष या ज्येष्ठ विचारवंताची गोष्ट तर कहरच आहे. राजा नरेसुआनने १५९३ साली हत्तीवर बसून द्वंद्व जिंकलं अशी कथा आहे. ती खरी कशावरून, असं ते एका व्याख्यानात म्हणाले. झाली केस. चारशे वर्षांपूर्वीच्या राजाचा अपमान! ऐंशी ओलांडलेल्या माणसामागचं ते लचांड २०१८ च्या जानेवारीत सुटलं.

‘थाई लोकांना हे मान्य आहे, तुम्ही कोण बोलणारे?’ असं कोणीतरी म्हणणारच. त्यांच्यासाठी माझ्याकडे एकच साक्षीदार आहे आणि तो पुरेसा आहे: खुद्द भूमिबोल. ४ डिसेंबर २००५ च्या वाढदिवसाच्या भाषणात, अख्खा देश ऐकत असताना, ते म्हणाले होते की राजावर टीका करायची नाही म्हणणं म्हणजे राजाला माणूसच न मानणं. राजाही चुकू शकतो, आणि अपमानाच्या नावाखाली लोकांना तुरुंगात टाकलं की अडचण शेवटी राजाचीच होते, असंही त्यांनी सांगितलं. काका ज्या राजाचं नाव घेऊन हा कायदा मागतायत, त्या राजाचं हे मत. त्याचा उपयोग किती झाला? पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली आणि खटले कमी होण्याऐवजी वाढत गेले.

आणि या कायद्याने ‘शांतता’ कशी येते, तेही पाहा. ऑक्टोबर १९७६ मध्ये बँकॉकच्या थम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांनी एक पथनाट्य केलं. दोन आंदोलकांना मारून लटकवलं होतं, त्या घटनेवरचं. त्याचा फोटो एका वृत्तपत्राने छापला. फासावरचा मुलगा युवराजांसारखा दिसतो अशी हाकाटी झाली आणि लष्कराच्या रेडिओवरून लोकांना भडकवण्यात आलं. ६ ऑक्टोबरच्या सकाळी पोलीस आणि जमाव विद्यापीठात घुसले. सरकारी आकडा ४६ मृत्यूंचा आहे. मुलांना जाळलं, झाडाला टांगून मेलेल्यांना मारलं. त्याच संध्याकाळी लष्कराने सत्ता ताब्यात घेतली आणि त्यानंतर या गुन्ह्याची शिक्षा वाढवली. आधी ती जास्तीत जास्त ७ वर्षं होती, किमान अशी नव्हती. आज जे ३ ते १५ आहे, ते तिथून आलं. एका फोटोवरून उठलेल्या वावडीची ही निष्पत्ती.

मूळ कलम १९०८ चं. त्याच वर्षी मुंबईत टिळकांना राजद्रोहाखाली ६ वर्षांची शिक्षा झाली होती. ‘केसरी’तल्या अग्रलेखांसाठी. दिवाणखान्यात टिळकांची तसबीर लावणाऱ्या घरातून असल्या कायद्याची मागणी यावी, याला काय म्हणायचं?

राजा राजकारणाच्या वर असतो म्हणे. निरंकुश राजेशाही तिथे २४ जून १९३२ लाच संपली. प्रीदी फनोमयोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती संपवली. त्यानंतर डझनभर यशस्वी लष्करी बंडं झाली, आणि बंड पक्कं व्हायला राजाची मोहोर लागते. २००६ ला मिळाली, २०१४ ला लष्करप्रमुख प्रयुत चान-ओचांनाही मिळाली. मे १९९२ मध्ये रस्त्यावर गोळीबार चालू असताना भूमिबोल यांनी पंतप्रधान सुचिंदा आणि विरोधकांचे नेते चामलोंग या दोघांना समोर बसवून समज दिली आणि रक्तपात थांबला, हे मी नाकारत नाही. पण तेही राजकारणच होतं ना? सध्याच्या राजांनी तर २०१६ च्या सार्वमतात मंजूर झालेल्या घटनेत नंतर बदल करून घेतले, राजघराण्याची अफाट मालमत्ता स्वतःच्या नावावर घेतली, आणि २०१९ मध्ये राजधानीतल्या दोन पायदळ रेजिमेंट वटहुकमाने थेट आपल्या हुकमाखाली आणल्या. त्या वटहुकमाविरुद्ध मत देणारा पक्ष चार महिन्यांत बरखास्त झाला. कारण दिलं गेलं पक्षाने घेतलेल्या कर्जाचं.

आंदोलनं होत नाहीत, हेही खोटं. १० ऑगस्ट २०२० रोजी विद्यार्थ्यांनी जाहीर सभेत राजेशाहीच्या सुधारणेच्या १० मागण्या वाचल्या. शेवटची होती, राजाने यापुढे कुठल्याही बंडाला मान्यता देऊ नये. पुढच्या वर्षी घटना न्यायालयाने त्या भाषणांना राज्यव्यवस्था उलथवण्याचा प्रयत्न ठरवलं. तरी मे २०२३ च्या निवडणुकीत कलम ११२ सौम्य करू म्हणणारा मूव्ह फॉरवर्ड पक्ष ५०० पैकी १५१ जागा घेऊन पहिला आला. लष्कराच्या काळात नेमलेल्या सिनेटने त्यांच्या नेत्याला पंतप्रधान होऊ दिलं नाही, आणि ७ ऑगस्ट २०२४ ला तो पक्षही न्यायालयाने बरखास्त केला. गुन्हा एवढाच की कायद्यात दुरुस्ती सुचवली. ज्या राज्यात लोक एवढे तृप्त आहेत, तिथे तेव्हा सर्वाधिक जागा अशा पक्षाला का गेल्या, हे काकांनी सांगावं.

‘कधीच गुलाम झाला नाही’ हा मुद्दा ढोबळमानाने बरोबर आहे. राजे हुशार होते, शिवाय इंग्रज आणि फ्रेंचांना मधे एक मोकळा देश हवाच होता. त्यासाठी लाओस फ्रेंचांना आणि चार मलय संस्थानं इंग्रजांना सोडावी लागली, ते मेसेजमध्ये नाही.

मेसेजच्या अगदी शेवटी, नेहमीप्रमाणे, ‘किमान ११ जणांना पाठवा’ असं आहे. जानेवारी २०२१ मध्ये बँकॉकच्या न्यायालयाने एका माजी सरकारी नोकर बाईंना ८७ वर्षांची शिक्षा सुनावली. गुन्हा कबूल केला म्हणून ती साडेत्रेचाळीसवर आली. राजघराण्यावर टीका करणाऱ्या त्या ध्वनिफिती त्यांच्या नव्हत्या, दुसऱ्या कोणाच्या होत्या. बाईंनी त्या फक्त पुढे टाकल्या होत्या. २९ वेळा, दर वेळेची ३ वर्षं.